ट्रेलर ओढून लांब जायचंय? आधी कूलंटची गळती शोधा आणि बंद करा

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची टाकी दर दोन-तीन आठवड्यांनी भरावी लागत असेल, तर गाडीत गळती आहे. कूलंट इंधनासारखं खर्च होत नाही. बंद व्यवस्थेत तेच ते द्रव फिरत राहतं. वर्षभरात पातळी बोटभर उतरली तर हरकत नाही, पण महिन्याला पाव लिटर कमी होत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातंय किंवा इंजिनाच्या आतच जळतंय. रोजच्या वापरात अशी गाडी वर्षभरही कुरकुर न करता चालते, म्हणून लोक टाकी भरत राहतात. मागे भरलेला ट्रेलर जोडून चढाला लागलं की मात्र तीच बारीक गळती अर्ध्या तासात गाडी बंद पाडू शकते.

याचं कारण दाबात आहे. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग उष्णता होऊन कूलंटमध्ये उतरतो. ट्रेलर ओढताना इंधन जास्त जळतं, त्या प्रमाणात उष्णताही वाढते. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचं निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. रेडिएटरचं झाकण १५ पीएसआय, म्हणजे साधारण १ बार दाब धरून ठेवतं, तेव्हा तेच मिश्रण सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. चढावर इंजिन याच वीस-बावीस अंशांच्या जागेवर तगतं. गळतीतून आधी दाब जातो, मग द्रव. दाब गेला की सिलिंडर हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या भागातल्या) सर्वांत गरम जागी वाफेचे बुडबुडे धरतात, तिथे धातूला द्रवाचा स्पर्श राहत नाही आणि हेड वाकतं. पाच मिनिटांत बदलता आली असती अशा क्लिपपायी इंजिन उघडण्याची वेळ येते, ती अशी.

हे काम निघायच्या आदल्या दिवशी करू नका. किमान दोन आठवडे हाताशी ठेवा. दुरुस्तीला एक दिवस पुरतो, पण ती टिकली की नाही हे कळायला गाडी चार-पाच वेळा पूर्ण तापून पूर्ण थंड व्हावी लागते.

काम सुरू करण्याआधी

इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटताच १०० अंशांच्या वरचं द्रव एकदम उकळून अंगावर उडतं. वरचा होस, म्हणजे रेडिएटरला इंजिनाशी जोडणारी जाड रबरी नळी, हातात धरून दाबता आला आणि तो थंड लागला, तरच झाकणाला हात लावा. विजेवर चालणारा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून त्याच्याजवळ काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा, काढलेलं झाकणाच्या कॅनमध्ये भरा, गटारात किंवा मातीत ओतू नका. वापरलेलं कूलंट घेणाऱ्या केंद्रात किंवा गॅरेजमध्ये द्या.

हाताशी एवढं असू द्या: हातपंपाचा कूलिंग प्रेशर टेस्टर (तो भाड्याने किंवा गॅरेजमधून उसना मिळाला तरी चालतो), दहा लिटरचा पसरट टब, मोजमापाच्या खुणा असलेलं भांडं, टॉर्च, छोटा आरसा, पकड, पेचकस, धारदार ब्लेड, हातमोजे आणि चष्मा. शिवाय गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकाराचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. कूलंट रंगावरून निवडू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपनी आपल्या मनाने घालते. आतली रसायनं वेगळी असली तर मिसळल्यावर गंजरोधक निकामी होऊ शकतात, कधी गाळही धरतो. नळाचं पाणीही टाळा. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

गळती शोधणं

निम्मं काम इथेच आहे, इथे घाई नको.

रात्री गाडीखाली पुठ्ठ्याचा मोठा तुकडा पसरा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनने आखा. सकाळी डाग दिसला तर बोटाने चोळून पाहा. एसीचं पाणी स्वच्छ, वास नसलेलं असतं आणि बोटांवरून निसटत नाही. कूलंट किंचित बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास येतो आणि सुकल्यावर चिकट राहतं. डाग पडला ती जागा म्हणजे गळतीची जागा असं मात्र धरू नका. थेंब होसवरून, कंसावरून, इंजिनाच्या कडेने ओघळत दुसरीकडेच जाऊन पडतो. ओल वरच्या बाजूला जिथे संपते, तिथे गळती सुरू होते. म्हणून नेहमी खालून वर शोधत जा.

पुठ्ठा कोरडा असला तरी सुटका नाही. गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, तो तिथेच वाळतो. मागे उरतो पापुद्रा: पांढरट, हिरवट किंवा गुलाबी, मिठागरातल्या कडेसारखा खरखरीत. प्रत्येक होसच्या टोकाभोवती, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या) घराखाली, वॉटर पंपाच्या पोटाशी आणि रेडिएटरच्या दोन्ही कडांना टॉर्चच्या उजेडात तो शोधा. मागची बाजू दिसत नसेल तिथे आरसा धरा. पांढरा टिश्यू पेपर जोडाच्या खालच्या बाजूने फिरवला तर डोळ्यांना न दिसणारी ओलही रंग सोडते.

आता दाब देऊन तपासणी. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी पहिल्यांदा, कूलंट पातळीपर्यंत भरा. झाकणाच्या जागी टेस्टर बसवा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या. ०.९, १.१, १.४ बार असे वेगवेगळे आकडे असतात. त्याच्या वर गेलात तर जुना रेडिएटर किंवा हीटरची जाळी तुमच्याच हाताने फुटेल. पंधरा मिनिटं थांबा. काटा जागचा हलला नाही तर थंड इंजिनाला गळती नाही. काटा उतरला तर आधी टेस्टरचा स्वतःचा जोड कोरडा आहे ना ते पाहा, मग कानाने आणि टॉर्चने शोधा. बारीक फवाऱ्याची फुसफुस शांत जागी ऐकू येते.

काही गळत्या फक्त थंडीतच होतात. रबर आणि क्लिप आकसतात, सकाळी दोन थेंब पडतात आणि इंजिन तापलं की जोड पुन्हा घट्ट बसतो. याउलट काही फक्त इंजिन चालताना होतात, जसं वॉटर पंपाचं सील. दाब टिकतो आणि तरी पातळी उतरते, अशा वेळी कूलंटमध्ये यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग) घाला, प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं. दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. गळतीची वाट हिरवी-पिवळी चमकते.

झाकण तपासायला विसरू नका. टेस्टरसोबत झाकणासाठी वेगळा जोड येतो. झाकण छापलेला दाब धरत नसेल तर गळती सापडणारच नाही, कारण कूलंट वाफ होऊन तिथूनच जातंय. रबर कडक झालेलं किंवा चिरलेलं दिसलं तर न तपासताच नवं घ्या, दाबाचा आकडा तोच हवा.

काचेला आतून चिकट धुकं धरतं, पायाखालचा गालिचा ओला लागतो आणि केबिनमध्ये गोड वास येतो, तेव्हा हीटरची जाळी गळते आहे. ती डॅशबोर्डच्या मागे असते. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, हे नवख्याचं काम नाही.

बाहेर कुठेच काही नाही, तर

मग हेड गॅस्केटकडे, म्हणजे सिलिंडर हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधल्या सीलकडे पाहा. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होस दगडासारखा कडक होतो, टाकीत सतत बुडबुडे येतात, गरम इंजिनाच्या एक्झॉस्टमधून पांढरा गोडसर धूर निघतच राहतो किंवा ऑइलच्या काडीवर दुधी फेस दिसतो. यांतलं एक जरी ठळक दिसलं तरी ब्लॉक टेस्ट करा. टेस्टरमधलं निळं द्रव कूलंटवरची हवा ओढून घेतं. जळलेले वायू असले तर ते पिवळं किंवा हिरवट होतं. तपासणीआधी रेडिएटरच्या तोंडातलं थोडं कूलंट काढून पातळी खाली आणा, कारण टेस्टरमध्ये कूलंट ओढलं गेलं की द्रव खराब होतं. रंग बदलला तर ट्रेलरचा प्रवास पुढे ढकला. यावर प्रवासापुरता उपाय नाही.

ऑटोमॅटिक गियरच्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहा. बऱ्याच गाड्यांत गियरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून फुटला तर कूलंट आणि गियर ऑइल एकमेकांत मिसळून गुलाबी-तपकिरी, मिल्कशेकसारखं मिश्रण होतं. त्या गाडीने ट्रेलर तर ओढायचा नाहीच, ती सुरूही करायची नाही. गियरबॉक्समधल्या क्लच प्लेटांना पाणी चालत नाही.

दुरुस्ती: होस

सर्वांत जास्त गळत्या होसच्या टोकांनाच सापडतात, आणि हे काम घरी होतं. थंड होस बोटांनी दाबून पाहा. चांगला होस घट्ट आणि लवचिक लागतो. टोकाजवळ लिबलिबीत, फुगलेला किंवा दाबताना कुरकुरणारा होस आतून तडकत चालला आहे. बाहेरून तो गुळगुळीतच दिसतो. असा होस कापून थोडा मागे घेऊन बसवण्याचा मोह होतो. रोजच्या वापरात तो महिनाभर चालेलही, ट्रेलरसाठी नवाच बसवा.

रेडिएटरच्या खालच्या ड्रेन प्लगखाली टब ठेवा आणि कूलंट होसच्या पातळीखाली जाईपर्यंत काढा. प्लग प्लॅस्टिकचा असतो, हातानेच फिरवा. किती लिटर निघालं ते मोजून लिहून ठेवा. हा आकडा पुढे लागणार आहे.

क्लिप सैल करून मागे सरकवा. होस चिकटला असेल तर पेचकस घालून उचकटू नका. रेडिएटरची नळी प्लॅस्टिकची असेल तर तिथे तडा जातो आणि मग अख्खा रेडिएटर बदलावा लागतो. होस नाहीतरी फेकायचाच आहे. टोकाजवळ ब्लेडने लांबीच्या दिशेने हलका चर पाडा, नळीला धार लागू देऊ नका, आणि रबर केळ्याच्या सालीसारखं सोलून काढा.

नळीवरचा पांढरा थर आणि रबराचे कण पूर्ण काढा. ॲल्युमिनियमच्या नळीला बारीक पॉलिश पेपर चालतो, प्लॅस्टिकला फक्त ओलं फडकं. बोट फिरवून पाहा, खड्डा किंवा खरखर राहिली तर नवा होसही तिथूनच झिरपेल.

नवीन होसवर क्लिप आधी चढवा, कारण मागाहून ती जात नाही. सरकायला सोपं जावं म्हणून आतून कूलंट लावा. ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, त्याने हे रबर फुगतं आणि सैल पडतं. होस नळीच्या टोकाशी असलेल्या उंचवट्याच्या पुढे, थांबेल तिथपर्यंत सरकवा. क्लिप उंचवट्याच्या पलीकडे आणि होसच्या टोकापासून ५-६ मिलिमीटर आत बसली पाहिजे. ती उंचवट्यावर बसली तर दाब आल्यावर होस निसटतो. स्क्रूची क्लिप असेल तर पट्टीच्या कडेला रबर किंचित वर येईपर्यंत आवळा. पट्टीच्या खाचांमधून रबर बाहेर येऊ लागलं तर जास्त झालं, ते रबर तिथे कापलं जातं. स्प्रिंगची मूळ क्लिप गंजलेली नसेल तर तीच वापरा. रबर आकसलं-फुगलं तरी ती आपोआप पकड धरून ठेवते, म्हणून ती स्क्रूच्या क्लिपहून कमी दर्जाची समजू नका.

बाकीच्या जागा

थर्मोस्टॅटचं घर: प्लॅस्टिकचं असेल तर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाकतं आणि नुसतं गॅस्केट बदलून थांबत नाही. घर आणि थर्मोस्टॅट दोन्ही बदला. जुन्या गॅस्केटचे अवशेष ॲल्युमिनियमवरून लोखंडी पातीने खरवडू नका. थर्मोस्टॅटवर हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते. बोल्ट बारीक असतात, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आणि आळीपाळीने आवळा.

वॉटर पंप: पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं, यासाठीच ते ठेवलेलं आहे. भोकाभोवती सुकलेला फिकट डाग असेल तर काळजी नाही. भोकापासून खाली ओघळ आणि त्यावर ताजा पापुद्रा दिसला तर पंप संपला. भोक बुजवून गळती थांबवायला जाल तर कूलंट बेअरिंगमध्ये जाईल आणि पंप रस्त्यात जाम होईल. पुली हाताने हलवून पाहा, जराही खडखड असेल तर पंप बदला. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) त्याच वेळी नवे घाला. तिथपर्यंत पुन्हा पोचायचे कष्ट तितकेच असतात.

रेडिएटर: प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे मुडपून जोडलेली असते तिथे ओली रेघ दिसली, तर रेडिएटरच बदला. बाहेरून लावलेला एपॉक्सी तापून-थंडावून सुटतो. एक्स्पान्शन टाकी पिवळी पडली असेल आणि जोडावर केसासारखी चीर असेल, तर तीही बदला.

गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव घालू नका. जे बारीक भोक बुजवतं तेच रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतं, आणि ट्रेलर ओढताना रेडिएटरची पूर्ण ताकद लागणार असते.

भरणं आणि हवा काढणं

दुरुस्ती उत्तम होऊनही गाडी तापते, ती बहुतेक वेळा इथल्या चुकीमुळे. व्यवस्थेत हवा अडकली की द्रव फिरत नाही.

आधी हिशेब. समजा एकूण क्षमता ९ लिटर आहे आणि ड्रेनमधून ५.५ लिटर निघालं. साडेतीन लिटर इंजिनात राहिलं. ते जुनंच कूलंट असेल तर वरून त्याच प्रकारचं तयार ५०:५० मिश्रण भरा. आतून पाण्याने धुतलं असेल तर मात्र ते साडेतीन लिटर नुसतं पाणी आहे. अशा वेळी ४.५ लिटर काँसंट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी घाला आणि १ लिटर डिस्टिल्ड वॉटर वरून. तयार मिश्रण घातलंत तर कूलंट पातळ होईल. उलट ६० टक्क्यांच्या वर काँसंट्रेट नेऊ नका, ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

शक्य असेल तर गाडीचं नाक थोडं चढाकडे ठेवा, म्हणजे भरायचं तोंड सर्वांत उंच राहील. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा. कूलंट बारीक धारेने, थांबत थांबत ओता. स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की तो बंद करा. इंजिन सुरू करा आणि दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मधूनमधून १५०० ते २००० आरपीएमपर्यंत रेस द्या. काही गाड्यांत हे झाकण उघडं ठेवून करायचं असतं, काहींत बंद ठेवून, ते मॅन्युअलमध्ये पाहा. थर्मोस्टॅट उघडला की आतापर्यंत कोमट असलेला होस एकदम गरम होतो आणि पातळी खाली बसते. हीटरमधून कडक गरम हवा आली आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद झाला, की इंजिन बंद करा. पूर्ण थंड होऊ द्या, म्हणजे काही तास, आणि मग पातळी भरा.

आता तो लिहून ठेवलेला आकडा काढा. ५.५ लिटर निघालं आणि ४.२ लिटरच आत गेलं, तर १.३ लिटर हवा अजून आत आहे. गळतीने आधीच पातळी कमी झालेली होती, म्हणजे खरं तर काढल्यापेक्षा थोडं जास्तच आत जायला हवं. डॅशबोर्डमागे खळखळ, हीटरची हवा मध्येच गार, काटा वर-खाली, ही सगळी हवेचीच लक्षणं. तोपर्यंत ट्रेलर जोडू नका.

चाचणी

टेस्टर पुन्हा लावा आणि पंधरा मिनिटांची परीक्षा पुन्हा घ्या. मग ट्रेलरशिवाय अर्धा तास गाडी चालवा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर स्क्रूच्या क्लिपा तपासा, नवं रबर पहिल्यांदा तापल्यावर बसतं आणि त्या जरा सैल पडतात. टाकीवर थंड पातळीच्या रेषेला चिकटपट्टी लावा आणि तीन-चार सकाळी तिच्याशी ताडून पाहा.

पातळी हलली नाही तर ट्रेलर प्रवासात असेल तितकाच भरून जोडा आणि चढ असलेल्या रस्त्यावर तासभर चालवा. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच थांबवून ठेवलेला असतो आणि हलतो तोवर उशीर झालेला असतो. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं उपकरण) लावून खरा आकडा पाहा. बहुतेक गाड्या ८५ ते १०५ अंशांत राहतात. चढावर थोडा वाढून सपाटीवर खाली आला तर ठीक. सपाटीवरही चढतच राहिला तर फॅन, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे-कचरा तपासा. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर, पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराच्या धारेने पाती वाकतात.

रस्त्यात

गाडीत ५ लिटर तयार कूलंट, ५ लिटर पाणी, होसच्या मापाच्या दोन क्लिपा, पेचकस, हातमोजे, टॉर्च आणि स्वतःला चिकटणारी सिलिकॉन टेप ठेवा. होस जुने असतील तर वरचा होस जादा घ्या.

चढाला लागण्याआधीच गियर खाली घ्या. मोठ्या गियरमध्ये इंजिन दबून चाललं की वॉटर पंपही हळू फिरतो. तापमान वाढू लागलं तर एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण, वेग कमी. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. तरीही वाढत राहिलं तर सुरक्षित जागी थांबा. कूलंट भरलेलं असेल तर इंजिन दोन मिनिटं चालू राहू द्या. वाफ दिसत असेल किंवा काटा चढता चढता अचानक शून्याकडे पडला तर लगेच बंद करा. तापमान मोजणारा सेन्सर द्रवाबाहेर आला की तो खोटा थंड आकडा दाखवतो.

झाकण उघडण्याआधी किमान अर्धा-पाऊण तास, आणि वरचा होस थंड लागेपर्यंत, जाऊ द्या. रिकाम्या, तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. होस फुटलेला दिसला तर तो पुसून कोरडा करा, चिरेच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर पुढे जाईल अशी टेप ताणून गुंडाळा, पाणी भरा आणि ट्रेलर सुरक्षित जागी सोडून एकट्या गाडीने सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जा. टेप ट्रेलरचा भार सोसत नाही.